सेकंडकाकूंचा गंज

आजवर कोणाला सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. आईची भांडी मी देवळाला दिली नव्हती. विकली होती. पैशांची नड नव्हती. नव्या ओट्याखाली जागा अडत होती, एवढंच. शोभाला, माझ्या धाकट्या बहिणीला, मी देवळाचं सांगितलं आणि तिनं ते सगळ्या नात्यात सांगितलं. तेव्हापासून मी घराण्यातला धार्मिक माणूस आहे. खरं काय ते एकाच बाईला माहीत होतं. त्या मंगरूळपीरला आमच्या शेजारी राहत. सेकंडकाकू.

हे नाव गल्लीनं ठेवलेलं. त्यांच्या घरात पहिल्या हाताची वस्तू नव्हती. पोळपाट, कढया, खलबत्ता, भिंतीवरचं घड्याळ, सगळं जुन्या बाजारातलं. काका केव्हाच वारलेले आणि मुलगा अकोल्याला, म्हणून लोक आधी हळहळत. पण मुलगा चांगला कमावता होता. त्यानं पाठवलेला नॉनस्टिकचा कोरा संच खोक्यातच पडून होता. काकू म्हणत, "ते अजून कोणं वापरलंच नाही भाऊ. त्याचा काय भरोसा?"

जुनं भांडं घ्यायची त्यांची रीत होती. आधी बोटाच्या पेरानं वाजवायचं, कान लावून ऐकायचं, पदरानं बूड पुसायचं आणि मग नाव वाचायचं. आपल्याकडे भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालतात. कोणी कोणाला रुखवतात दिलं, कोणी बारशाला. मोडवाला नाव घासून द्यायला तयार असे. काकू त्याला अडवत. "राहू दे रे बापा. भांडं इकलं म्हून बाईचं नाव इकल्या जाते काय?" त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकाची बातमीही नावानिशी यायची. आज सुमनबाईच्या कढईत कटुले केले. काल गंगूबाईच्या तव्यावर थालीपीठ लागलं, मन नव्हतं तिचं.

भाज्यांचा मात्र उलटा हिशेब. भांडं दहा हात फिरलेलं चालेल, भाजी त्या दिवशीचीच हवी. पावसाळा लागला की माझ्या कचेरीच्या कुंपणामागचा कोवळा तरोटा त्या स्वतः खुडत. आमच्या साहेबांच्या पत्नीनं एकदा विचारलं, "काकू, फुकटची भाजी का?" त्या म्हणाल्या, "फुकटची तं हायेच बाई, पण ताजी हाये. तुमची दोन्ही नाही." मे महिन्यात आमच्या घरात फुलकोबी दिसली की त्यांचा चेहरा पडायचा. "उन्हाळ्यातली कोबी म्हंजे वरात गेल्यावर आलेला बँडवाला."

मी भांडी विकली मालेगावात, आमच्याच जिल्ह्यातल्या. मंगरूळपीरला कोणी पाहू नये, ही माझी हुशारी. आठवडी बाजारासाठी काकू एसटीनं मालेगावलाही जातात, हे मला ठाऊक नव्हतं.

श्रावणात एका सकाळी त्यांनी हाक मारली. ओट्यावर चिंचेनं घासलेला पितळी गंज होता, म्हणजे आमच्याकडचं उभं पातेलं. त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत वाचत होत्या. "सौ. कमल. खाली आडनाव हाये, गाव किन्हीराजा." माझ्या दारावरच्या पाटीवर तेच आडनाव होतं. त्यांनी वर पाहिलं. "तुमचंच गाव ना भाऊ?"

"असेल," मी म्हणालो. "आमच्याकडे कमल नावाच्या खूप आहेत."

"हो," काकू म्हणाल्या. "राहतेत."

झालं. आईला मी एवढ्या दोन वाक्यांत नाकारलं. नंतर त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी आणखी खोटं बोललो असतो आणि सुटलो असतो.

त्यांनी गंजाला कल्हई करून आणली. अंबाडी आंबट, कल्हई नसलेल्या पितळेत कळकते. त्यात ज्वारीच्या कण्या घालून अंबाडीची भाजी शिजवली, वरून लसणाचं कडकडीत तेल सोडलं आणि गंज तसाच आमच्याकडे पाठवला. चव आईच्या हातची नव्हती, हे मी नमूद करतो. तिच्यापेक्षा बरी होती. पुढे दर मोसमात तो गंज यायचा. पावसाळ्यात तरोटा, थंडीत हरभऱ्याची भाजी. मी तो लगेच रिकामा करून, धुऊन, जवळपास पळतच परत देत असे. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, हे मला लहानपणापासून माहीत. पण तो गंज घरात रात्रभर राहू नये, एवढीच माझी घाई. काकू एकदा म्हणाल्या, "भाऊ, मूठभर दाणे तरी टाकत जा. रिकामं भांडं रस्त्यानं बोंबलत येते."

एका राखीला शोभा मानोऱ्याहून आली. अंबाडीचा वास आला तशी थेट काकूंच्या स्वयंपाकघरात शिरली. मी मागोमाग. गंज चुलीवर, नाव दाराकडे. काकूंनी फडक्यानं काठ धरला आणि पेटत्या चुलीवरचा भरला गंज भिंतीकडे फिरवला. बोट भाजलं. शोभा सांगत होती, "काकू, आमच्या मायचाही असाच गंज होता. दादानं देवळाले देल्ला."

काकू बोट तोंडात धरून म्हणाल्या, "देवाच्या घरी गेलं ते कुठी जात नाही, बाई."

शोभाला बरं वाटलं. मला त्या दिवशी कळलं की एखादी बाई आपली लाज राखते, तेव्हा आपल्यापाशी उरलेली तेवढीही राहत नाही. तरी मी जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास मुलगा त्यांना अकोल्याला घेऊन गेला. फ्लॅटमध्ये जुनं काही चालणार नव्हतं. कढया, तवे, खलबत्ता, सुमनबाई, गंगूबाई, सगळ्या एका टेम्पोत बसून पुन्हा बाजारात गेल्या. निघायच्या दिवशी काकू गंज घेऊन आल्या. आत करडीची भाजी, कोवळी, मोकळी परतलेली. मी म्हणालो, "लगेच धुऊन आणतो."

"हा परत नाही करायचा, भाऊ," त्या म्हणाल्या. "हा पोचवायचा हाये."

होळीच्या आधी त्या गेल्याचं कळलं. मी अंत्यविधीला गेलो नाही. मुलानं नॉनस्टिकचं खोकं शेवटी उघडलं की नाही, तेही माहीत नाही.

गंज माझ्या कपाटात आहे, जुन्या धोतरात गुंडाळलेला. दोन राख्या होऊन गेल्या. दोन्ही वेळा शोभा ओवाळून गेली आणि मी तिला साडी दिली.

शोभाला तो गंज द्यायचा आहे. तो देवळातून आलेला नाही, हेही सांगायचं आहे. आणि रिकामा द्यायचा नाही.