वाऱ्याचे चार आकडे

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या हिवाळ्यात मी उत्तरेच्या सरहद्दीवर, एका बर्फाळ पोस्टवर ईएमईचा, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती खात्याचा, हवालदार होतो. माझं गाव वेरूळकडं. रेडिओ सांभाळणारा सिग्नल्सचा नायक भीमराव खंदारे अजिंठ्याकडचा. औरंगाबादला आयटीआय करून तो फौजेत आला होता. पेन्शनीत गेल्यावर वाळूजला कंपनीत लागायचं, हे त्याचं पक्कं होतं.

हेलिपॅडवर वारा मोजायचं यंत्र होतं, पण रेडिओच्या बंकरातून त्याचा काटा दिसत नसे. खंदारेनं बंकरात आकड्यांचा बोर्ड लावायचं मनावर घेतलं. दोन आकडे वाऱ्याच्या दिशेचे, शेवटचं शून्य तोंडी जोडायचं; दोन वेगाचे. एका आकड्यात सात दांड्या, म्हणजे एकूण अठ्ठावीस दिवे. आमच्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे दिवे चालवणाऱ्या चिपला, तेवढ्या पिना मोकळ्या नव्हत्या.

"कसं जमवणार?" मी विचारलं.

"उस्ताद, चारी आकड्यांच्या सारख्या दांड्या एकमेकींना जोडायच्या. सात पिना झाल्या. कोणता आकडा पेटवायचा, त्याला एकेक पिन. अकरात भागतं. एका वक्ताला एकच आकडा पेटतो, पण लई झटपट. डोळ्याला चारी संगं दिसतात."

बोर्ड चालला. वैमानिकाला वारा सांगायचं काम त्यालाच मिळालं.

मग खालच्या तळावरून निरोप आला. विद्यापीठाचं नाव वाढलं म्हणून त्याच्या गावची दलित वस्ती जाळली होती. घर गेलं. वडील भाजले होते. कंपनी कमांडरनी लगेच रजा दिली. त्याला न्यायला तळावरून हेलिकॉप्टर निघालं. खंदारे पाठीवर सामान बांधून रेडिओपाशी बसला.

वारा वाढत गेला. शेजारचा जवान हळूच म्हणाला, "थोडा कमी सांग ना. उतरेल तो."

"नाय. वर बसलेल्यालाबी आईबाप हायेत."

त्यानं बटण दाबलं. "विंड टू सेव्हन झिरो, थ्री फाइव्ह नॉट्स. ओव्हर."

"लँडिंग निगेटिव्ह. वापस जा रहे हैं. आऊट."

हेलिकॉप्टरचा आवाज दूर गेला. दुसऱ्या दिवशीही वारा तसाच होता. त्यानं साहेबांना सॅल्यूट केला. "साब, लिंक पार्टी के साथ पैदल जाता हूँ." लिंक पार्टी म्हणजे खालच्या पोस्टपर्यंत पायी ये-जा करणारी तुकडी. साहेबांनी बराच वेळ उतारांकडं पाहिलं आणि होकार दिला.

नाल्याच्या वरच्या अंगाला बर्फ सुटलं. पार्टीतले बाकीचे दोरावर ओढून काढले. शेवटचा खंदारे होता, त्याचा दोर तुटला. आम्ही काठ्या खुपसत शोधलं, पुन्हा वादळ येईपर्यंत. तो मिळाला नाही. त्याचे वडील त्याच आठवड्यात वारले. ते त्याला कळलं नाही, आणि ह्याचं त्यांना.

सुट्टीत मी त्याच्या आईला भेटायला गेलो. जळक्या भिंतींवर पत्रे टाकले होते. माऊलीनं पाणी दिलं. मग विचारलं, "तिथं थंडी लई असती का रं, बाबा?"

"नाय, मावशी," मी म्हणालो. "ऊन पडतं तिथं."

नायक भीमराव खंदारे, सिग्नल्स. अजून तिथंच आहे.