आत कपाट आहे

वस्तीत त्याला सगळे उस्ताद म्हणत. शहरातलं भाडं झेपत नाही म्हणून उपनगराच्या टोकाला खोल्या घेऊन राहणाऱ्यांची ती वस्ती, आणि किल्ल्या हरवण्यात एकेक जण वाकबगार. तीस वर्षं उस्तादाने त्यांची कुलपं उघडली, पण डोळे झाकून एकही नाही. तो आधी विचारायचा, दार उघडल्यावर समोर काय दिसेल? उत्तर चुकलं की गिऱ्हाइकाची गचांडी धरलीच म्हणून समजा. या युक्तीने त्याने दोन चोर पकडले होते आणि ती फुशारकी ऐकून वस्तीचे कान किटले होते.

त्या दुपारी एक नीटनेटका माणूस त्याला तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेला. बायको माहेरी गेलीय, किल्ली तिच्याकडेच राहिली, म्हणाला. उस्तादाने नेहमीचा प्रश्न टाकला.

"लोखंडी कपाट. आरशाला वरपासून खालपर्यंत तडा आहे."

कुलूप निघालं. समोर कपाट, आरशाला तडा. उस्ताद स्वतःवरच खूश झाला. तेवढ्यात कपाटाआडून एक बाई भिंतीला चिकटून सरकताना दिसली.

नवरा कामावर असताना ते कपाट टेम्पोत घालून ती इथे पळून आली होती. तडा तिच्याच डोक्याने गेला होता. खोली रिकामी वाटावी म्हणून शेजारची इस्त्रीवाली रोज सकाळी तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायची. हे सगळं उस्तादाला मागाहून कळलं. त्या क्षणी त्याने पाहिलं ते एवढंच, की नवऱ्याने तिचे केस मुठीत धरले आणि तोंड आरशावर आपटलं. एकदा. दोनदा. काचा खळकन खाली आल्या. ती ओरडलीसुद्धा नाही, सवयीने तिने हात डोक्यावर घेतले.

नवऱ्याने तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा उस्तादाची हातोडी त्याच्या कोपरावर बसली. हाड मोडलं. तो खाली कोसळला तरी उस्ताद मारतच राहिला, खांद्यावर, पाठीवर, जिथे लागेल तिथे. त्यातला निम्मा राग स्वतःवरचा होता. इस्त्रीवालीने कंबरेला मिठी घालून त्याला मागे ओढलं, नाहीतर त्या दिवशी मुडदाच पडला असता.

पोलीस नवऱ्याला घेऊन गेले. हवालदार जाता जाता म्हणाला, चार-आठ दिवसांत सुटेल, सांभाळून राहा.

इस्त्रीवाली तिला दवाखान्यातून टाके घालून घेऊन आली, तोवर उस्ताद दाराला आतून जाडजूड अडसर बसवत होता. तिच्या तोंडाकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. काम झाल्यावर तो बाहेर आला. तिने दार लावलं, अडसर सरकवला.

"ढकला," ती आतून म्हणाली.

त्याने खांदा लावून ढकललं. दार हललं नाही.

"आणखी जोरात. तो एवढ्यावर थांबत नाही."

उस्ताद दोन पावलं मागे सरला आणि त्याने दाराला लाथ घातली.