लेकीच्या घरची चटणी

कुरुंदवाडच्या एसटी स्टँडवर मी कोल्हापूरची गाडी धरली, त्या सकाळी अव्वानं माझ्याजवळ दोन गोष्टी दिल्या. एक वळकटी आणि एक फडक्यात बांधलेला चटणीचा डबा. अव्वा म्हणजे माझी आई. आमच्या घरात बोलायचं कन्नडमध्ये, दुकानात मराठीत, आणि भांडायचं दोन्हींत. अप्पांचं किराणा-भुसारचं दुकान होतं, त्यामुळं त्यांनी निरोपही दुकानदारासारखाच दिला. "माल बघून घे, मग पैसे दे. कुणी घाई कराय लागलं तर समज, माल खराब हाय." हे ते शहराबद्दल म्हणाले की नवऱ्यांबद्दल, ते मला आजतागायत कळलेलं नाही. साल १९९४. मला कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरी लागली होती. गाडी हलली तेव्हा अव्वा खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "डब्याचं झाकण घट्ट लाव, हवा लागली की चटणी मरती."

रस्ता दीड-दोन तासांचा. तुमच्यातले जे पुण्याला, बेंगळुरूला, त्याहून लांब गेले ते हसतील, हिनं काय घर सोडलं म्हणून. हसा की. पण कुरुंदवाडात मला जे स्वतःशीसुद्धा म्हणता येत नव्हतं, ते कोल्हापुरात निदान दार लावून म्हणता आलं. माझ्यापुरतं ते परदेशच होतं.

चटणीचं जरा सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलंय. वर्षाची कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात करून ठेवायची, हे आमच्याकडं घरोघरी आहे. पण आमच्या घरची आणखी एक रीत होती. घरात माणसं किती, त्या बेतानं मिरची आणायची. लग्न न झालेली लेक कुठंही राहू दे, तिचा वाटा आईच्या चटणीत असतोच. लेकीचं लग्न झालं की तो वाटा बंद. मग पहिल्या उन्हाळ्यात आई स्वतः मिरच्या घेऊन लेकीच्या घरी जाते, तिथल्या डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीत, तिची पहिली चटणी करून देते आणि येताना त्यातली वाटीभर माहेरी आणून गल्लीत चमचा-चमचा वाटते. लग्नाचे पेढे काय, सगळेच वाटतात. चटणी वाटली की लेक नांदायला लागली, असं आमची गल्ली मानायची. थोरल्या अक्काची चटणी अव्वानं निपाणीहून आणली तेव्हा मी शाळेत होते आणि वाटी घेऊन मीच दारोदार फिरले होते. शेजारच्या काकूंनी जिभेवर ठेवून सांगितलं, "मीठ कमी हाय, पण पोरगी सुखात हाय." चटणीवरून त्यांना सुख कसं कळलं, देवाला ठाऊक.

तर माझा वाटा दर मे महिन्यात कोल्हापूरला यायचा. माझा धाकटा भाऊ, आम्ही त्याला तम्मा म्हणतो, तो डबा एसटीच्या ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायचा आणि दुकानातून माझ्या ऑफिसला फोन करायचा. मी स्टँडवर जाऊन तो उतरवून घ्यायची. अप्पा गेले त्या वर्षीसुद्धा डबा चुकला नाही.

शोभा मला खाणावळीत भेटली. गडमुडशिंगीची, बौद्ध घरातली, प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोघींनी मिळून खोली घेतली ती भाडं परवडावं म्हणून. पुढं ते कारण उरलं नाही, पण लोकांना सांगायला बरं होतं म्हणून ठेवून दिलं. ती मला आवडते हे कळलं तेव्हा मला आनंद वगैरे काही झाला नाही, आधी घाम फुटला. या प्रकाराला माझ्याकडं नावच नव्हतं. शिवी म्हणून एक-दोन शब्द ऐकले होते, ते स्वतःला कसे लावायचे? शोभाला माझ्यापेक्षा धीर जास्त. ती म्हणाली, "नाव नसू दे. भाजी काय करायची ते सांग." आमचा संसार असा सुरू झाला. तिला वशाट लागतं, मी अंडंही खात नाही, म्हणून कढया दोन आणि तवे दोन. बाकी सगळं एक.

एक म्हणजे आमच्या दृष्टीनं. कोल्हापुरातल्या दुकानदारांच्या दृष्टीनं आमचं घर नव्हतंच. गॅसच्या कनेक्शनसाठी गेले तर खिडकीतला माणूस म्हणाला, "मिस्टरांचं नाव?" म्हटलं, न्हाईत. "मग वडलांचं?" ते कुरुंदवाडला. "मग गॅस कशाला?" म्हटलं, स्वयंपाकाला. त्यानंतर बरेच महिने आम्ही रॉकेलच्या स्टोव्हवर भाकरी भाजली. पुढं फ्रीज घेतला, तोही पहिल्या उन्हाळ्यातच गळायला लागला. वॉरंटी होती, पण मेकॅनिक दारातून डोकावून "साहेब आल्यावर येतो" म्हणायचा आणि सर्विस सेंटरला जाऊन सांगायचा, घरात कुणी नव्हतं. म्हणजे मी आणि शोभा दारात उभ्या, आणि घरात कुणी नाही. मी सर्विस सेंटरला जाऊन असा काही तोंडाचा पट्टा सोडायची की रस्त्यावरची माणसं थांबायची. शोभा मला बाहेर ओढून न्यायची. "भांडून फ्रीज गार होणार हाय का?" होत नव्हता, पण मी होत होते. मोबाईल आले तेव्हा एका कंपनीनं जोडीची स्कीम काढली, एकमेकांना कॉल फुकट. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ही फक्त हजबंड-वाइफसाठी आहे." मी विचारलं, नवरा-बायको फोनवर असं काय बोलतात जे आम्ही बोलत नाही? ती बिचारी लाल झाली. तिची काय चूक होती म्हणा.

हे सगळं हसण्यावारी गेलं. एक गेलं नाही. २००१ साली शोभाच्या पोटात एकदम दुखायला लागलं, अपेंडिक्स निघालं, लगेच ऑपरेशन करायचं ठरलं. दवाखान्यात मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, आम्ही एकत्र राहतो. "म्हणजे रूममेट. रक्ताचं कोण आहे?" शेवटी गडमुडशिंगीहून तिच्या भावाला बोलवावं लागलं. आमच्याबद्दल कळल्यापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. तो आला, सही केली आणि माझ्याकडं न बघता बाहेर बाकावर जाऊन बसला. डॉक्टर येऊन त्याला सगळं सांगत होते, आणि मी चार हात लांब उभी राहून कान देत होते. समानता म्हणजे काय ते मला विचाराल तर माझ्याकडं मोठे शब्द नाहीत. फ्रीज गळतो तेव्हा मेकॅनिकनं माझ्याशी बोलावं, आणि शोभा आत असते तेव्हा डॉक्टरनं माझ्याशी बोलावं. पहिल्यावर मला हसता येतं. दुसऱ्यावर आजही येत नाही.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच बसलं. जग मानो ना मानो, अव्वाला कळलं पाहिजे. उद्या मला काही झालं तर कुरुंदवाडहून येणारं माणूस शोभाला बाजूला सारणारं नको.

पुढच्या दिवाळीला गेले तेव्हा अव्वा करंज्या तळत होती. गडहिंग्लजचं एक बिजवर स्थळ तिनं काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, "अव्वा, आता स्थळं बघू नको. शोभाबरोबर मी राहतो ते भाड्यासाठी न्हाई. माझा संसार तिच्यासंगट हाय. नवरा-बायकोचा असतो तसाच." एवढं बोलायला मला आठ वर्षं लागली होती. अव्वानं झारा तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "सर बाजूला, करंज्या करपतील." त्याउपर एक शब्द नाही. भाऊबीज झाली, मी निघाले, ती स्टँडवर आली नाही. नंतर फोन केला की नेहमीसारखं "ऊटा आत?" विचारायची. जेवलीस का, एवढंच ते. मी व्हय म्हटलं की फोन तम्माकडं.

मे महिना आला. ऑफिसात फोन वाजला की मी आधी उठायची. आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी मीच तम्माला विचारलं, चटणी झाली का? तो म्हणाला, "झाली की, कवाच." मग माझा डबा? त्यानं आवाज खाली आणला. "अव्वानं यंदा तुझी मिरची धरली न्हाई, ताई. मला काय म्हाईत न्हाई, तू तिलाच विचार."

मी विचारलं नाही. काय विचारायचं? घरच्या माणसांतून आपण वजा झालो, हे मला कळलं होतं. घरी येऊन मी रडले, आणि मग चिडले. शोभा म्हणाली, बाजारातनं तयार चटणी आणू. मी म्हटलं, विकतची चटणी या घरात आली तर मी घर सोडून जाईन. कुठं जाणार होते कोण जाणे.

महिना सरत आला होता. रविवारची सकाळ होती. फ्रीज पुन्हा गळत होता आणि चार तक्रारींनंतर मेकॅनिक एकदाचा आला होता. दारातूनच त्यानं विचारलं, "साहेब हाईत का?" मी तोंड उघडणार, एवढ्यात जिन्यावरनं आवाज आला. "पावणं, फ्रीज हिचा हाय, पैसं हिनं दिल्यात. साहेबाला काय विचारताय, हिला इचारा की." मागं वळून बघते तर अव्वा. घामानं भिजलेली, आणि तिच्या मागं रिक्षावाला, डोक्यावर मिरचीचं पोतं.

मी पोत्याकडं बोट केलं. "अव्वा, हे काय?" म्हटलं. ती चप्पल काढत म्हणाली, "काय म्हंजे? बेडगी आणि जवारी. देठं काढल्यात, उनं दिल्यात. तू नांदतो म्हणालीस न्हवं? मग तुझा वाटा माझ्या चटणीत कसा येईल?" आणि मग जरा रागानंच, "घरची झाल्यावर तुझ्यासाठी मनासारखी जवारी मिरची लौकर गावली न्हाई, म्हणून उशीर झाला. तेवढ्यात तू तम्माला डबा का न्हाई म्हणून इचारलंस म्हणं."

अक्काची वाटी घेऊन दारोदार फिरलेली मी. सगळी रीत मला पाठ होती. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. ती आपल्याला लागू होईल असं मी धरलंच नव्हतं.

शोभा आतून पाणी घेऊन आली. अव्वानं तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, अप्पा माल बघायचे तसं. पाणी घेतलं. "वशाटाची भांडी कुठली, ती आधी दाव," म्हणाली. शोभानं दाखवली. मग दिवसभर दोघींनी मिळून कांदे चिरून तळले, खोबरं-तीळ भाजले, लसूण सोलला. अव्वाला शोभाच्या हातचा कांदा पसंत पडला नाही, दोनदा बोलून दाखवलं. शोभा नुसती हसली. मी फ्रीजखालचं पाणी पुसत बसले, कारण मेकॅनिक पार्ट आणतो म्हणून गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी डंकावर गेलो. रांगेत सगळ्याच बायका तोंडाला पदर लावून खोकत होत्या. शेजारच्या बाईनं अव्वाला विचारलं, "लेकीची व्हय? जावई काय करत्यात?" मी पदर तोंडावर आणखी ओढला, मिरचीसाठी नव्हे. अव्वा म्हणाली, "जावई न्हाई. ही माझी लेक, ही शोभा. दोघींचं घर हाय, दोघींपुरती चटणी." ती बाई आमच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. तीळ किती घातलासा?" आणि दोघी तिळावर बोलायला लागल्या. एवढ्या वर्षांची माझी धास्ती तिळावर संपली.

निघताना स्टँडवर अव्वाच्या पिशवीत एक वाटी होती, वर फडकं बांधलेलं. मी विचारलं, "अव्वा, गल्लीत काय सांगणार?" ती म्हणाली, "सांगायचं काय? चटणी वाटणार." गाडी हलली. खिडकीत तिचा हात त्या वाटीवर होता, सांडू नये म्हणून.

नंतर तम्मानं फोनवर सांगितलं. अव्वा स्वतः फिरली, तम्माच्या बायकोला पाठवलं नाही. दोन घरांनी चमचाभर घेतली आणि काही विचारलं नाही. एका घरानं दार उघडलं नाही, अव्वा उंबऱ्यावर ठेवून आली. शेजारच्या काकू आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, कानानं कमी. त्यांनी जिभेवर ठेवली, आणि "मीठ बरोबर हाय" म्हणाल्या. अव्वानं त्यांना मोठ्यानं दोनदा सांगितलं, कोल्हापूरच्या लेकीची म्हणून. दुसऱ्यांदा सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

पुढं काही वर्षांनी, आमच्यासारख्यांचं नातं गुन्हा नाही, असा दिल्लीच्या कोर्टाचा निकाल पेपरात आला तेव्हा शोभानं तो मला सगळा वाचून दाखवला. बरं वाटलं. खूपच बरं वाटलं. फ्रीजवाल्याला मात्र अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

गावाकडं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, घर कुठलं असं मला कुणी विचारलं की मी अजूनही पटकन कुरुंदवाड म्हणते. पण दर मे महिन्यात मी कोल्हापूरच्या स्टँडवर जाऊन कुरुंदवाडच्या ड्रायव्हरकडं एक डबा देते. अव्वाला आता डंकावर जायला होत नाही, तिची चटणी आम्हीच करतो. ड्रायव्हर विचारतो, "काय हाय ओ ह्यात? सांडंल की." मी सांगते, चटणी हाय, आमच्या घरची, झाकण घट्ट लावलंय.