उजेडात बघून घेतलेला रंग

सोनमला फसवणं अवघड, असं तिच्या गावात, म्हसवडच्या बाजूला, सगळेच म्हणत. पेंडीचं पोतं ती तळापासून उकरून बघे. एस.टी.त शेजारची बाई गोड बोलायला लागली की पिशवी मांडीवर घेई. हे तिने वडिलांकडून, अर्जुनाकडून, उचललं होतं. अर्जुना मेंढरांच्या बाजारात जनावराचं तोंड उघडून दात बघितल्याशिवाय मालकाशी रामरामसुद्धा करत नसे.

म्हणूनच सांगलीतल्या साड्यांच्या दुकानात तिचा जम लवकर बसला. गिऱ्हाइकाच्या मनातला संशय तिला आधीच कळे. दुकानातल्या दिव्याखाली मोरपंखी दिसणारी साडी बाहेर निळीच निघते, हे तीच सांगून टाके आणि घडी उचलून थेट दारात जाई.

"उजेडात बघा, काकी. मागनं मला बोल लावू नका."

पण ती बसे मागच्या बाजूला, रोजच्या वापरातल्या साड्यांपाशी. पुढे शालूंची गादी होती. तिथली मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा मालकीणबाई, संयोगितावहिनी, म्हणाल्या, "सोनम, पुढं तू बसावंस असं मला वाटतं. पण तिथं नवऱ्यामुली येतात. तोंडाला जरा फाउंडेशन लावून येत जा. लग्नसराई लागायच्या आत जमलं तर ठीक, नाहीतर पूजाला बसवते."

पूजा त्याच दुकानात होती आणि माधवनगरात सोनमच्याच खोलीत राहायची. बाटली आणायला पूजाच सोबत आली. दुकानदाराने सोनमकडे नीट न बघताच सगळ्यांत गोरी बाटली काढली. पूजा म्हणाली, "घे की. समद्या हीच घेत्यात."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सोनमला आरशापुढे उभं केलं. मान सावळी, वर तोंड पांढरंफटक. "गिरणीतनं आलीस का गं पीठ दळून?" त्या म्हणाल्या. पूजा हसली. सोनमने ते हसू लक्षात ठेवलं.

पुढची बाटली तिने कुणालाही न सांगता घेतली. मधे गावाकडे बिरोबाची जत्रा झाली. घरच्यांबरोबर ती भंडाऱ्यात न्हाऊन निघाली, सांगलीत परत आल्यावर दोनदा साबणाने तोंड धुतलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत सुलाबाईंच्या दुकानात गेली. बांगड्या, टिकल्या, पावडरी असं ते छोटं दुकान. माल स्वस्त, पण सुलाबाई कुणाला गोड बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी तपकिरीकडे झुकणारी एक बाटली पुढे केली.

"तुझ्या रंगाला ही."

सोनमने बाटली उलटी करून बघितली. झाकणावर धूळ होती. म्हणजे खपत नाही, म्हणून माझ्या गळ्यात मारते, हे तिने ओळखलं. शेजारची पिवळसर बाटली तिने मागितली, नमुन्याचा थेंब जबड्याच्या कडेला लावला आणि हातआरसा घेऊन रस्त्यावर आली. भरपूर ऊन होतं. थेंब कातडीत असा मिसळला, की कुठे लावलाय ते तिलाच सापडेना.

"हीच द्या, मावशी."

"बघ बाई. फोडलेली बाटली परत घेत न्हाई मी."

पहिले दोन दिवस छान गेले. वहिनींनी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी वहिनी जरा निरखून बघत राहिल्या. आठवडा सरता सरता पूजा खोलीतच म्हणाली, "सोनम, कावीळ झालीय काय गं तुला? लय पिवळी दिसतीयास."

"तुला पुढं बसायचंय, म्हणून बोलतीस."

"मला शालूच्या घड्या घालता येत न्हाईत नीट, ते तुला ठावं हाय. आरशात बघ."

सोनमने आरसा उचलला आणि दारात गेली. तोंड खरंच पिवळं होतं. त्याच बाटलीने, त्याच हाताने लावलेलं. आता एकच गोष्ट शक्य होती. उजेडात दाखवायचा माल एक आणि पिशवीत टाकायचा दुसरा. हा धंदा तिला माहीत होता.

ती तडक सुलाबाईंकडे गेली. दुकानात दोन बायका बांगड्या भरत होत्या. त्यांच्यादेखत तिने बाटली टेबलावर आपटली. "मावशी, ही बदलून दिलीया तुमी. नमुना येगळा हुता."

सुलाबाईंनी नमुन्याची बाटली काढली, सोनमचा जबडा पुसून एका बाजूला त्यातला थेंब लावला, दुसऱ्या बाजूला सोनमच्या बाटलीतला. आरसा तिच्या हातात दिला. "जा उजेडात."

दोन्ही थेंब सारखेच होते. दोन्ही सारखेच पिवळे.

सोनम उन्हात उभी राहिली. मग बाटली बदलली नाही, तर बदललं काय? घामाने ओढणी मानेला चिकटली होती. ती सोडवताना तिचं लक्ष आरशात कॉलरकडे गेलं. जत्रेत घातलेला तोच ड्रेस होता. धुतला होता, तरी कॉलरची आतली कड गर्द पिवळी होती. भंडारा. देवाची हळद साबणाला दाद देत नाही. ती दोन-चार दिवस तोंडावरही राहिली होती, आणि सोनमने आपला रंग म्हणून तिच्याशी बाटली जुळवली होती.

आत येऊन ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, बाटली तीच हाय. मीच जत्रंतनं आल्ते. भंडारा हुता तोंडावर."

बांगड्या भरणारी एक बाई फिस्सकन हसली. सुलाबाई हसल्या नाहीत. "आधी जे बोललीस ते मोठ्यांदा बोललीस," त्या म्हणाल्या.

सोनमने तेच वाक्य पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. मग बाहेरच्या नळावर तोंड धुऊन आली. सुलाबाईंनी ती तपकिरी बाटली फडक्याने पुसून पुढे ठेवली. सोनमने ती उचलली, आणि तरीही दारात जाऊन बघितलीच.

लग्नसराई लागली तेव्हा शालूंच्या गादीवर सोनम होती. एके दिवशी शिराळ्याकडची एक आई लेकीला घेऊन आली. लेकीच्या अंगावर शालू टाकत तिने विचारलं, "हळदीच्या दुसऱ्या दिवशी लगीन. आज लय घाई हाय. हळद लागली की त्याच सांजंला येऊन शालूचा रंग अंगाला लावून बघितला तर चालंल न्हवं?"

"न्हाई, काकी," सोनम घडी उचलून दाराकडे निघत म्हणाली. "हळद लागायच्या आधीच बघा."