नाजूनं पेटवलेली चूल

माझी मैत्रीण नाजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहरात नव्यानं धरलेल्या कामावर, औरंगपुऱ्यातल्या दुकानात साडीची घडी घालत होते. घडी पूर्ण केली, कपाटात ठेवली आणि मग खाली बसले... महिना होत आला, अजून नीट उठता आलेलं नाही.

यंदा गोदावरीच्या पुरात आमचं गाव गेलं. उरलेल्यांना शहरात, गारखेड्यातल्या एका मंगल कार्यालयात आणून सोडलं. माझे आबा आणि नाजूची अम्मी, दोघंही पाण्यात गेले होते. शहरातल्या लोकांनी शिधा दिला, पण चूल पेटेना. आमच्याकडं हिंदू असो की मुसलमान, मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. इथं तर घरोघरी मयत! लेकरं भुकेनं रडत होती, तरी म्हातारी मंडळी हटेनात. मला त्यांचा असा संताप आला! नाजू अवघी तेवीस वर्षांची. माझ्यापुढं परात आपटून म्हणाली, "तू माझ्या अब्बासाठी भाकरी कर, मी तुझ्या आईसाठी करते. झालो की नाय शेजारी?" तिनं स्वतः घास धरला तेव्हा कुठं आई जेवली. मग सगळेच जेवले, रडत रडत.

त्या दिवसापासून गाव आम्हा पोरापोरींच्या हाती आलं, म्हणजे खरं तर नाजूच्याच. भांडणं तीच मिटवायची, कचेरीत जाऊन तीच भांडायची. "गावी जायचं तर समदे मिळून," एवढाच तिचा हट्ट. लोकांचे कागद शोधायला रोज गावच्या चिखलात उतरायची. ताप भरला तर मलाच दटावलं, "कुणाला बोलू नको गं, लई घाबरतील लोक." आणि मी बोलले नाही... मोठी शहाणी ना मी! दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. याला माफी नाही, आणि मी ती मागतही नाही.

ती गेली आणि आठवड्यात गाव फुटलं. मिळेल तिथं खोली घेऊन जो तो निघून गेला, कुणाला धरून ठेवणं मला काही जमलं नाही.

तिचे अब्बा पुंडलिकनगरात एकटे राहतात. शेजाऱ्यांना ठाऊकही नाही की या घरात मयत झालंय, म्हणून डबा मीच नेते. त्यांच्यात रिवाज खरं तर तीनच दिवसांचा. परवा म्हटलं, "अब्बा, आज इथंच चहा टाकते, शेगडी पेटवू?"

त्यांनी माझा हात धरला. "रहने दे, बेटा. चूल पेटली की मयताचे दिवस सरले. मंग ती खरंच गेली म्हणायची."

मी काडेपेटी ठेवून दिली. उद्याही डबा नेणार आहे.