नऊ निळे ठिपके

हार्लन ड्रिस्कॉल मार्चमध्ये गेला. वरच्या कुरणातल्या झऱ्याचा पाइप गाळाने तुंबला होता, तो मोकळा करता करता तिथेच कोसळला. मी शेजारी, माझ्याच गाडीतून त्याला खाली आणलं. त्याची बायको ओपल दारात उभी होती. तिने पाहिलं, म्हणाली, "बूट चिखलाचे आहेत. बाहेरच काढ." आणि आत जाऊन बटाटे उकडायला ठेवले. रडली नाही, तेव्हाही आणि नंतरही.

जूनमध्ये सरकारचा नकाशेवाला आला, लुंडग्रेन नावाचा. जुना नकाशा तपासायचा होता. तपकिरी रेघांनी डोंगर दाखवलेले, आणि ड्रिस्कॉलांच्या जमिनीवर नऊ निळे ठिपके. नऊ झरे. रस्ता, कुंपण, घर, सगळं त्या ठिपक्यांच्या मागे मागे गेलेलं.

दोन दिवस आम्ही तिघं फिरलो. प्रत्येक ठिपक्यापाशी ओपल उतरायची, बुटाने माती उकरायची. बहुतेक ठिकाणी म्हणायची, "कोरडा." पुन्हा गाडीत. हार्लन पडला तिथेही तेवढंच बोलली. पाइप तसाच पडला होता, आत धूळ.

पाणी फक्त तीन झऱ्यांत होतं.

लुंडग्रेनने गाडीच्या टपावर नकाशा पसरला, कंपासने त्या झऱ्यांभोवती तीन वर्तुळं काढली. "बाई, गाय पाण्यापासून दोन मैलांपलीकडे चरायला जात नाही. तुमचं वरचं अख्खं कुरण बाहेर राहतंय."

"गवत तर गुडघाभर आहे," मी म्हणालो.

"मग तूच जा चरायला," ओपल म्हणाली. त्या वर्षात तिने केलेली ती एकच थट्टा. हसली मात्र नाही.

"टँकरनं नेऊ पाणी. मी येतो रोज," मी म्हणालो.

"किती दिवस येशील? हार्लनही असाच रोज जायचा. मला आठवतच नाही रे तो कसा दिसायचा तिथे काम करताना. काहीच वाटत नाही मला. हे बरोबर आहे का?"

लुंडग्रेन पेन्सिलीला टोक काढत बसला.

शरदात तिने साठ गाई ठेवल्या, बाकीच्या विकल्या. ट्रक गेल्यावर वरच्या कुरणाचं फाटक तारेनं बांधून टाकलं. मी पक्कड धरून उभा होतो. तार ओढताना तिचा तळहात कापला. रक्त बघत ती बराच वेळ उभी राहिली.

"दुखतंय?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "थोडं."