सारवलेलं अंगण आणि मंगलचा प्रश्न

मंगल गेल्याचं तिच्या चुलत्यांनी मला फोनवर सांगितलं. दुपारची वेळ, मी प्रयोगशाळेत उभी. "कन्नडच्या दवाखान्यापस्तोर जीव व्हता, म्होरं नाय," एवढंच ते बोलले. शेजारच्या माणसानं तिच्या डोक्यात पहार घातली होती. हातातले मोजे काढायचंही मला सुचलं नाही, मी तशीच फाटकापर्यंत चालत गेले. त्याला आता सहा आठवडे झाले.

मंगल पिशोरजवळच्या वाडीतली, मेंढपाळाच्या घरातली. वडील लहानपणीच गेलेले. न्यायसहायक विज्ञानाच्या, म्हणजे फॉरेन्सिकच्या, पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाला आम्ही एकत्र आलो आणि शहरात उस्मानपुऱ्यात एक खोली घेऊन राहिलो. पहिल्याच वर्षी सर सांगत होते, रक्ताचा कपडा धुतला तरी शिवणीत काहीबाही उरतं. मंगल उठली आणि म्हणाली, "सर, आन् अंगण शेणानं सारवलं तर?" सगळा वर्ग हसला. मीही हसले... ती खाली बसली आणि तास संपेपर्यंत वहीत इतकं दाबून लिहीत राहिली की पान फाटलं.

संध्याकाळी खोलीवर तिनं सांगितलं. मेंढरं कुणाच्या तरी ज्वारीत शिरली, एवढ्यावरून तिच्या थोरल्या भावावर, दत्तावर, कुऱ्हाडीचा घाव पडला होता. मान आणि खांद्याच्या मध्ये. तशा अवस्थेत तो चालत घरी आला आणि अंगणात कोसळला. बारा वर्षांच्या मंगलनं जखमेवर ओढणी दाबून धरली, तरी बोटांच्या फटींतून रक्त वर येत राहिलं. "गरम होतं गं... इतकं गरम असतं हे मला माहीत नव्हतं." दत्ता वाचला नाही. त्याला उचलून नेल्यावर आईनं त्याचा सदरा हापशावर घासून घासून धुतला आणि अंगण सारवून काढलं. लेकाचं रक्त येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली येऊ नये म्हणून. मारणाऱ्यानंही घरी जाऊन कुऱ्हाड धुतली. साक्षीदार उलटले, कोर्टासमोर ठेवायला काही उरलं नाही आणि तो माणूस सुटून गावात फिरू लागला.

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत गावी काहीतरी भांडण झालं आणि इतकी वर्षं गिळलेलं मंगल आईला बोलून गेली, "तू धुतलं नसतंस तर तो सुटला नसता." आई चौकटीवर कपाळ आपटत राहिली, रक्त येईपर्यंत. मंगलनं तिला मागून मिठी मारून ओढलं तेव्हा ती थांबली. परत आल्यावर मंगल दोन दिवस जेवली नाही. त्यानंतर मात्र सुट्टीत गेली की ती आईला शिकवायची. शेळ्यांचं दूध काढताना, भाकरी करताना. रक्ताचा कपडा सावलीत वाळवायचा, कागदात ठेवायचा, हत्याराला हात लावायचा नाही. आई ऐकायची. मधूनच "व्हय" म्हणायची.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधी मंगल चार दिवस गावी गेली होती. शेजारचा भागवत बायकोला, सविताला, नेहमीच मारायचा. त्या सकाळी त्यानं तिला केसांना धरून फरपटत अंगणात आणलं आणि हातात पहार घेतली. बघायला वाडी जमली होती. पुढं गेली ती एकटी मंगल. तिनं सविताला आपल्यामागं ढकललं आणि पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला, दुसरा डोक्यावर. भागवत पहार टाकून पळाला. मंगल शुद्धीत होती. चुलते तिला जीपमध्ये घालत असताना तिनं आईचा हात धरला आणि म्हणाली, "आई, काही धू नको. त्या पहारीला कुणाला हात लावू देऊ नको."

आणि आई जीपमध्ये चढली नाही.

पोलीस येईपर्यंत ती त्या रक्ताशेजारी उन्हात बसून राहिली, हातात मेंढरं वळायची काठी घेऊन. भागवतचे भाऊ पहार न्यायला आले. त्यांनी तिला लाथा घातल्या, तिचं मनगट मोडलं. ती पहारीच्या आणि त्यांच्या मध्ये आडवी पडली, पण हलली नाही. सविता तिच्या अंगावर पडून ओरडत राहिली. पहार, माती, कपडे, सगळं पोलिसांच्या ताब्यात गेलं. भागवत आता कोठडीत आहे.

गेल्या आठवड्यात मंगलच्या आई (मी त्यांना मावशी म्हणते) तिचं सामान न्यायला खोलीवर आल्या, गळ्यात प्लास्टरचा हात. सोबत सविता. ती आता त्यांच्याकडेच राहते. चहा झाल्यावर मावशींनी विचारलं, "पोरी, तू शिकलेली हायेस. खरं सांग. म्या तिच्यासंगं जायाला पायजे व्हतं का गं?"

तुमच्यामुळे खटला उभा राहिला मावशी, असं मी म्हणणार होते. ते खरंही आहे. पण मावशी खटल्याबद्दल विचारत नव्हत्या... मी त्यांचा चांगला हात हातात घेतला. 

मागं वळून पाहिलं तर सविता मंगलच्या खाटेवर आडवी झाली होती, भिंतीकडे तोंड करून. झोप लागली होती तिला. "घरी रोज दचकून उठती," मावशी हळूच म्हणाल्या. शेवटची एसटी पाचला होती. पाच वाजून गेले, आम्हा दोघींपैकी कुणीच तिला उठवलं नाही.